निनावी भागांचा निवाडा

नागपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला सुटा भाग लागला की तो बर्डीची वाट धरतो. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये रजिस्टन्सपासून आयसीपर्यंत सगळं कप्प्याकप्प्यांत लावलेलं मिळतं. अट एकच, काय हवं त्याचा नंबर सांगता आला पाहिजे. नंबर पुसलेला भाग हातात धरून उभं राहिलं तर ऐन गर्दीत दुकानदार तरी काय करणार?

माझ्या मामांकडे असे भाग पुष्कळ आहेत. त्यांची हयात रेडिओ, टेप आणि टीव्हीच्या दुरुस्तीत गेली. दुकान आवरून ते घरी आले तेव्हा जुन्या सेटांमधून, यूपीएसमधून, चार्जरमधून काढलेला माल सोबत आला. त्यातल्या कितीतरी भागांवर काही छापलेलंच नाही, काहींवरचं उडून गेलं आहे, आणि काहींवर आहे पण त्याचा अर्थ लागत नाही. माझी ताई इथल्याच एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिच्या मते ओळख पटत नाही तो भाग ई-कचऱ्यात द्यावा. मामांच्या मते ओळख पटत नाही असा भागच नसतो, पाहणाऱ्याला घाई असते. हल्ली शाळा-कॉलेजातली मुलं प्रोजेक्टसाठी जुनी उपकरणं उघडून भाग काढतात, म्हणून या दोघांचं बोलणं मला लिहून ठेवावंसं वाटलं.

ताई : मामा, साधा हिशेब बघा. बीसी५४७ बर्डीत दोन-चार रुपयांना नवा मिळतो. तो बोर्डावरून काढायचा, तपासायचा, कागदात गुंडाळून नाव लिहायचं, एवढा खटाटोप कशासाठी?

मामा : बीसी५४७ साठी नाहीच ना बाप्पा. तो मी बी नवाच आणतो. पण कोणी आजोबांचा मर्फी घेऊन आला, जुना फिलिप्स घेऊन आला, तर त्याच्यातला एसी१२८ मी कुठून आणू? गँग कंडेन्सर, आयएफटी, ओए७९ डायोड, हे आता जुन्या सेटातूनच भेटते. ठाण्याची मर्फी कंपनी गेली, पण तिचे रेडिओ आहेत ना लोकांच्या घरी. त्याच्यावर आजही नागपूर केंद्र लागते.

ताई : मग जर्मेनियमचे तेवढे ठेवा आणि बाकीचे देऊन टाका.

मामा : ठेवू कसे? कोणता जर्मेनियमचा अन् कोणता सिलिकॉनचा, हे आधी ओळखलं पाहिजे ना!

असं म्हणून त्यांनी धातूच्या टोपीचे दोन ट्रान्झिस्टर समोर ठेवले. दोन्हींवरचा रंग उडालेला, नंबर नाही. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून त्यांनी लाल काडी एका पायाला धरली आणि काळी काडी उरलेल्या दोन पायांना आळीपाळीने लावली. पहिल्या ट्रान्झिस्टरवर कोणत्याही जोडीत नीट उत्तर येईना. मग काड्या बदलल्या. काळी एका पायावर स्थिर, लाल फिरती, आणि मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपासचा आकडा आला. सिलिकॉनचा जोड ०.६ ते ०.७ दाखवतो, जर्मेनियमचा ०.२ ते ०.३. म्हणजे हा जर्मेनियमचा. काळी काडी ज्या पायावर होती तो बेस, आणि काळी बेसवर ठेवून तो वाहतो म्हणजे जात पीएनपी. दुसऱ्यावर लाल काडी बेसला लागली आणि आकडे आले ०.६६१ आणि ०.६६८. हा सिलिकॉनचा एनपीएन. दोन आकड्यांत जो किंचित मोठा, तो बेस आणि एमिटरमधला. एमिटरमध्ये भेसळद्रव्य जास्त घातलेलं असतं आणि कलेक्टरचा जोड आकाराने मोठा असतो, म्हणून हा फरक पडतो. हजारातल्या सात भागांच्या फरकावर मामांनी तिन्ही पाय लावून दाखवले. टोपीच्या कडेला छोटी चोच होती, तिच्याजवळचाच पाय एमिटर निघाला. टोपी स्वतः कलेक्टरला जोडलेली होती.

मामा : हा एसएल१०० आहे. आपल्या बीईएलचा. याचा जोडीदार एसके१००, तो पीएनपी. दोघं दिसायला जुळे. परदेशी पुस्तकात शोधत बसली असती तर दिवस गेला असता तुझा.

ताई : एसएल१०० सारखा आहे असं म्हणा. एनपीएन आहे, सिलिकॉन आहे, टोपी तशी आहे, इतकंच मीटरने सांगितलं. तो एसएल१०० आहे हे तुमच्या आठवणीने सांगितलं.

मामा : बरं, आठवणीनं. पण आठवण बी कामाचीच असते ना.

ताईचा मुद्दा सूक्ष्म होता, आणि पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्यातच होतं. मीटर भागाचा स्वभाव सांगतो, पण तो भाग किती सोसू शकतो ते सांगत नाही. एका एनपीएनला कलेक्टरवर ४० व्होल्ट चालतात, दुसऱ्याला ८००. डायोडच्या खुणेवर दोघांचे आकडे सारखेच.

मामा : म्हणूनच तर नाव वाचता आलं पाहिजे. अर्धवट असलं तरी. हे पाहा, सी१८१५ लिहिलं आहे.

ताई : हे मी पहिल्याच सत्रात शिकवते. जपानी पद्धतीत पूर्ण नाव २एससी१८१५. २एसए आणि २एसबी म्हणजे पीएनपी, २एससी आणि २एसडी म्हणजे एनपीएन, २एसके आणि २एसजे म्हणजे फेट. अंगावर जागा कमी म्हणून पुढचं '२एस' छापतच नाहीत. मुलं 'सी१८१५' शोधतात आणि त्यांना कधी कधी भलत्याच वस्तू सापडतात.

मामा : अन् युरोपवाले?

ताई : १९६६ पासून प्रो इलेक्ट्रॉनची पद्धत आहे. पहिलं अक्षर ए असलं तर जर्मेनियम, बी असलं तर सिलिकॉन. दुसरं अक्षर काम सांगतं: सी म्हणजे कमी ताकदीचा ऑडिओ, डी म्हणजे ताकदीचा ऑडिओ, एफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी, वाय म्हणजे रेक्टिफायर डायोड, झेड म्हणजे झेनर. एसी१२८ असं वाचलं की जर्मेनियमचा ऑडिओ ट्रान्झिस्टर हे नावातच कळतं. बीवाय१२७ म्हणजे सिलिकॉनचा रेक्टिफायर.

मामा : अन् त्याच्या आधीचे ओसी७१, ओए७९? ते व्हॉल्व्हच्या जमान्याचं नाव आहे. ओ म्हणजे याला हीटर नाही. ओसी७१ काचेच्या कुपीत असे, वरून काळा रंग मारलेला. तो रंग खरवडला की ट्रान्झिस्टरवर उजेडाचा परिणाम होई. पोरं खरवडूनच पाहत. तो बनवणाऱ्या कंपनीनं मग ओसीपी७१ नावानं उजेडाचाच विकायला काढला. आता सांग, असा रंग गेलेला काचेचा ट्रान्झिस्टर तुझ्या हाती आला अन् ट्यूबलाइटखाली मीटर लावला, तर आकडा बरोबर येईल का?

ताईला हे माहीत नव्हतं. तिने वहीत लिहून घेतलं.

मग पायांचा विषय निघाला. सपाट बाजू आपल्याकडे करून धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे बरोबर उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. आणि सी१८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. तिघांचं काळं अर्धगोल अंग एकाच साच्यातलं. पुस्तकात एकाचं चित्र पाहून दुसरा जोडला की सर्किट चालत नाही आणि दोष भागावर येतो.

ताई : म्हणून मी वर्गात छोटा टेस्टर ठेवते. तीन पाय कसेही लावा, बटण दाबा, पडद्यावर चित्र येतं. एनपीएन की पीएनपी, कोणता पाय कोणता, गेन किती. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांनी हे मूळ काम केलं, कार्ल-हाइन्झ क्यूबेलर यांनी वाढवलं. दोघांनी सगळं खुलं ठेवलं म्हणून आज तो टेस्टर जगभर स्वस्त मिळतो.

मामा : चांगलं काम केलं त्यांनी. पण त्याला हा ७८०५ लावून पाहा बरं.

ताईने लावला. पडद्यावर दोन डायोड आले. सात-आठ व्होल्ट घेऊन नेमके पाच व्होल्ट देणारा अख्खा रेग्युलेटर त्या यंत्राला दोन डायोडची जोडी वाटला.

मामा : त्याच्यावाल्या पाच व्होल्टात जेवढं कळते तेवढंच ते सांगते. बारा व्होल्टचा झेनर लावला तर साधा डायोड म्हणते. अन् भरलेला कंडेन्सर लावला तर ते यंत्रच जाते. झेनरसाठी वेगळा सप्लाय लागतो, तीसेक व्होल्टचा, मधे मोठा रजिस्टन्स टाकून. मग झेनर आपला व्होल्टेज आपणच सांगते.

ताई : ७८०५ तुम्ही आकारावरून ओळखला?

मामा : आकारावरून कोण ओळखते! ७८०५, ७९०५, एलएम३१७, मॉस्फेट, एससीआर, सगळ्यांचं अंग तेच, पाठीला पत्रा तोच. ७८०५ ची पाठ ग्राउंडला, ७९०५ ची इनपुटला, ३१७ ची आउटपुटला. मायका न घालता ७८०५ अन् ७९०५ एकाच हीटसिंकवर कसले, की सप्लाय शॉर्ट झालाच समज. नंबर उडाला असेल तर मी पाहतो, तो कशाच्या शेजारी होता. पुढे-मागे मोठे कंडेन्सर अन् मधला पाय ग्राउंडला, तर रेग्युलेटर. स्पीकरच्या वाटेवर असेल तर ऑडिओ.

हे वाक्य ऐकताना मला वाटलं, मामा आपल्या बाजूचं म्हणून जे सांगताहेत तेच ताईच्या बाजूचं सर्वांत मोठं प्रमाण आहे. पण ते उघड व्हायला अजून वेळ होता.

आयसींवर फार वेळ गेला नाही. अंगावर आकड्यांच्या दोन-तीन ओळी असतात, त्यातली एक नाव आणि एक तारीख. ८७३४ म्हणजे १९८७ चा चौतिसावा आठवडा. घोटाळा होतो तो सत्तरच्या दशकातल्या मालात. ७४०८ हे अँड गेटच्या आयसीचं नाव आहे, आणि १९७४ चा आठवा आठवडाही तसाच लिहितात. दुसरी ओळ पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. टेपमधला टीबीए८१०, गाडीच्या डेकमधला एलए४४४० हे मामा पंखासारख्या पाठीवरूनच सांगतात आणि ते बरोबरही निघतात.

ताई : पण नंबर छापलेला आहे म्हणून तरी विश्वास ठेवायचा का? जुन्या बोर्डांवरून काढलेल्या आयसींचं अंग घासून त्यावर नवा नंबर छापण्याचा मोठा धंदा चीनमध्ये चालला. ग्वांगडोंगमधलं ग्वीयू गाव जगाचा ई-कचरा फोडण्यासाठी कुप्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने अहवाल दिला, त्यांच्या लष्करी सामग्रीच्या पुरवठ्यात बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणं सापडली, भाग दहा लाखांच्या वर. विमानात गेले हे भाग, मामा. सुटा भाग स्वतःविषयी जे सांगतो ते खरं मानायचं कशाच्या आधारावर?

मामा : बर्डीत आम्ही पहिलं हेच विचारतो, ओरिजिनल का डुप्लिकेट. अन् म्हणूनच जुन्या सेटातून मी स्वतः काढलेला माल मले जास्त भरवशाचा. तो माझ्यासमोर त्या सेटात चालत होता.

हा युक्तिवाद पक्का होता आणि ताईने तो मान्य केला. चालू सेटातून स्वतःच्या हाताने काढलेला भाग बनावट असण्याची भीती फार कमी. मात्र तिने लगेच विचारलं, तो तुमच्यासमोर चालत होता हे आता या भागावर कुठे लिहिलं आहे? आणि तिने दोन निळ्या चकत्या उचलल्या.

दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या, दोन पायांच्या, गुळगुळीत निळ्या. एकीवर ४७१ असं स्पष्ट दिसत होतं. दुसरीवरची छपाई अर्धी गेलेली, पण तिथेही शेवटी ४७१ च.

ताई : सांगा, काय आहे?

मामा : सिरॅमिक कंडेन्सर. सत्तेचाळीसवर एक शून्य. ४७० पिकोफॅरड.

ताई : दोन्ही?

मामांनी चष्मा पुसला, दुसरी चकती उजेडात धरली. कपॅसिटन्सच्या मीटरवर दोन्हींचे आकडे काहीशे पिकोफॅरडच्या घरात आले, आणि एकमेकांपासून फार दूर नव्हते. साध्या मीटरवर दोन्ही ओपन. आकार, रंग, आकडा, मीटर, चारही साक्षीदार एकच साक्ष देत होते.

ताई : दुसरी व्हॅरिस्टर असू शकते. एमओव्ही. पूर्ण नंबर १४डी४७१के असा असतो. चौदा मिलिमीटरची चकती, ४७० व्होल्टला वाहू लागणारी, दहा टक्के कमी-अधिक. पुढचं घासून गेलं तर मागे ४७१ च उरतं. आणि व्हॅरिस्टरला स्वतःची कपॅसिटन्स असते, म्हणून मीटर फसतो. आता मला सांगा, पहिली चकती कुठे होती?

मामा : चार्जरमध्ये असेल. मेन्सची बाजू अन् पाच व्होल्टची बाजू यांच्या मधे टाकतात ती. वाय कंडेन्सर.

ताई : तेच. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे घरातली २३० व्होल्टची लाइन, पलीकडे मोबाइल हातात धरलेलं माणूस, आणि दोघांना जोडणारा हा भाग. वाय वर्गाचा कंडेन्सर बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशाच बेताने बनवतात, त्याची तशी चाचणी होते. व्हॅरिस्टरचं काम उलटं. तो लाइनमधला झटका स्वतः खातो, आणि झटके खाता खाता शेवटी बहुधा शॉर्ट होऊन मरतो. ४७१ आणि ४७१ सारखेच म्हणून तुम्ही तो इथे लावला, तर चार्जर चालू होईल. महिनाभर चालेलही. ज्या दिवशी तो शॉर्ट होईल त्या दिवशी चार्जरच्या वायरीत मेन्स येईल.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वाय कंडेन्सरवर खुणा असतात, वाय१ लिहिलेलं असते, चाचण्यांचे छाप असतात. ताई म्हणाली, असतात, पण पुसल्या की गेल्या. त्याच जागेच्या आसपास आणखी एक चकती असते, काळी किंवा हिरवी, ५डी-९ लिहिलेली. तो एनटीसी, चालू करतानाचा धक्का अडवणारा. तो मात्र बोटांत धरून गरम केला की रजिस्टन्स उतरताना दिसतो, त्याची ओळख पटते. निळ्यांची पटत नाही.

मामा : मी त्यांना ओळखलं असतं. बोर्डावर असते तर. फ्यूजच्या पुढे लाइनला आडवा बसलेला तो एमओव्ही. लाइनमधे उभा तो एनटीसी. ट्रान्सफॉर्मरच्या खालून दोन्ही बाजू जोडणारा तो वाय. याच्यात चुकायला जागाच नाही. बोर्डावर छापलेलं असते ना, आरव्ही१, टीएच१, सीवाय१.

ताई : मग बोर्डावर असताना का नाही लिहून ठेवलं?

मामा : मले आठवत होतं.

ताई : तुम्हाला आठवत होतं. तुमच्यानंतर हा माल ज्याच्या हाती जाईल त्याला काय आठवणार?

इथे मी माझं मत सांगतो. निनावी भाग ओळखण्याचं शास्त्र आपण सुट्या भागापासून सुरू करतो, आणि तिथेच गाडी अडते. भागाची ओळख तीन गोष्टींतून बनते: अंगावरचं नाव, मीटरवरचा स्वभाव आणि बोर्डावरची जागा. नाव पुसतं किंवा खोटं असतं. स्वभाव अर्धवट कळतो. जागा मात्र डिझाइन करणाऱ्याने विचारपूर्वक ठरवलेली असते आणि ती खोटं बोलत नाही. सोल्डर वितळवून भाग उपटला त्या क्षणी तीच गोष्ट नष्ट होते. मामांच्या पिढीने जागेची ही नोंद डोक्यात ठेवली. त्यांचं डोकं तल्लख होतं म्हणून धंदा चालला, पण माल दुसऱ्याच्या उपयोगाचा राहिला नाही. ताईच्या पिढीकडे खिशात कॅमेरा आहे. बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायला मिनिटही लागत नाही, आणि तरी तिचे विद्यार्थी आधी भाग उपटतात आणि मग तो काय आहे हे शोधत बसतात, असं तीच सांगते.

छोट्या, पृष्ठभागावर चिकटवलेल्या एसएमडी भागांत तर याला पर्यायच नाही. काहींवर दोन-तीन अक्षरांचा संकेत असतो. एम७ म्हणजे १एन४००७ चा धाकटा भाऊ, हे बहुतेक मेकॅनिकना पाठ आहे. रजिस्टन्सवर १०३ म्हणजे दहा किलोओहम, आणि ०१सी म्हणजेही दहा किलोओहमच, पण पद्धत वेगळी. ट्रान्झिस्टरवरचे संकेत कंपनीगणिक बदलतात. तीच दोन अक्षरं एकाकडे एका भागाची, दुसऱ्याकडे दुसऱ्याच. आणि तपकिरी सिरॅमिक कंडेन्सरांवर तर काहीच छापत नाहीत. मीटरने त्यांचं माप कळेल, पण ते ६ व्होल्टचे की ५० चे हे कळणार नाही.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर दोघांचं पुन्हा वाजलं.

मामा : याच्यावर तर सगळं लिहिलं असते. माप, व्होल्ट, तापमान. फुगला नाही, गळला नाही, म्हणजे चांगला.

ताई : नागपुरात? मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, टीव्हीच्या पेटीच्या आत त्याहून किती जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की या कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आतला द्रव वाळत जातो, वरून दिसत काही नाही. माप बरोबर दाखवतो, पण आतला रजिस्टन्स वाढलेला असतो. ईएसआर मीटर लावून बघा.

मामा : तोही लावतो मी. अन् खरं सांगू, पॉवर सप्लायमधे जुना इलेक्ट्रोलिटिक मी कधीच टाकत नाही. नवा, १०५ अंशांचा. हे तुले सांगायची गरज नाही वाटली.

जीवाच्या धोक्याबद्दल मात्र दोघांत मतभेद नव्हता, म्हणून ते थोडक्यात सांगतो. २३० व्होल्टची लाइन रेक्टिफाय झाली की सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. मामा तो कंडेन्सर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करत नाहीत, बल्ब लावून उतरवतात आणि मग मीटरने तपासतात. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि काच स्वतःच एक कंडेन्सर बनते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा कंडेन्सर दोन हजार व्होल्टच्या घरात काम करतो आणि माणूस मारायला पुरेसा आहे. असा ओव्हन शिकाऊ मुलांनी उघडायचाच नाही, हे दोघांनीही निक्षून सांगितलं. जुन्या ट्रान्समीटरच्या काही ट्रान्झिस्टरांतली पांढरी सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडची असते. तिची पूड श्वासातून गेली तर फुप्फुसं कायमची बिघडतात. असा भाग कापायचा नाही, घासायचा नाही, फोडायचा नाही.

ताई : म्हणूनच मी म्हणते, देऊन टाका. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. अधिकृत रीसायकलरकडे द्या, तांबं, सोनं, शिसं नीट वेगळं होईल.

मामा : तो काय करते, पाहिलं आहे का तू? चालू गँग असो का जळालेला रजिस्टन्स, सगळं एकाच यंत्रात दळते. तांबं निघेल, पण तो गँग पुन्हा कोण बनवून राहिलं आहे? माहिती असलेला भाग दळू नका. माहिती नसलेला दळा.

ताई : हेच तर मी सकाळपासून म्हणते आहे!

मामा : तू म्हणत होती, ओळख पटत नसेल तर द्या. मी म्हणून राहिलो, ओळख पटेल अशी सोय आधी करा. फरक आहे.

फरक आहे, आणि मला तो मामांच्या बाजूने दिसतो. पण ती सोय करायला मामांची पद्धत पुरत नाही, ताईची लागते. त्या संध्याकाळी दोघांनी बसून मालाचे दोन भाग केले. मेन्सच्या बाजूच्या ज्या भागांचं पूर्ण नाव वाचता येत नव्हतं, ते सगळे ई-कचऱ्यासाठी बाजूला निघाले. त्यात दोन्ही निळ्या चकत्या होत्या आणि मामांनी त्या स्वतः टाकल्या. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओतले भाग, जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, ओए७९, गँग आणि पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या गाभ्यांच्या आयएफटी राहिल्या. प्रत्येक पुडीवर ताईने तीन गोष्टी लिहिल्या: नाव वाचलं की ओळखलं, मीटरचा आकडा, आणि मामांना आठवत असेल तर सेट कोणता. जिथे मामांना आठवलं नाही तिथे तिने जागा कोरी सोडली, अंदाज लिहिला नाही.

तुम्ही किंवा तुमची मुलं पुढचं जुनं उपकरण उघडाल तेव्हा एवढं करा. प्लग काढल्यावर मोठा कंडेन्सर उतरवा आणि मीटरने खात्री करा. सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी बोर्डाचे वरून आणि खालून स्पष्ट फोटो घ्या, भागाशेजारची आर, सी, डी, क्यू, झेडडी, आरव्ही ही अक्षरं वाचता येतील असे. उपकरणाचं नाव आणि मॉडेल पुडीवर लिहा. आणि २३० व्होल्टच्या बाजूचा जो भाग पूर्ण नावानिशी ओळखता येत नाही, तो कितीही चांगला दिसला तरी पुन्हा जोडू नका. नवा आणा, बर्डीत तो काही रुपयांना मिळतो.